समास कोणाचा? स्त्रियांसाठीचे बायबल, छापखाना आणि बाजार

१/२१
ज्या घरात एक ग्रंथ आधीपासूनच आहे, त्याच घरात त्याच ग्रंथाची दुसरी प्रत कशी विकायची? धार्मिक प्रकाशनाच्या आधुनिक इतिहासातील हा एक मोठा प्रश्न. त्याचे एक उत्तर अमेरिकेत सापडले : मूळ मजकूर तोच ठेवा, समासातला मजकूर बदला आणि वाचक कोण, ते मुखपृष्ठावर छापा. ‘स्त्रियांसाठीचे बायबल’ हे या उत्तराचे ठळक उदाहरण. परंतु स्त्री वाचकासाठी बायबल वेगळे असावे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात त्याआधी कित्येक दशके विचारला गेला होता. त्याला मिळालेले उत्तर मात्र फार निराळे होते. हा थ्रेड त्या दोन उत्तरांविषयी.

२/२१
आधी समासाविषयी. १५६० साली निघालेल्या जिनीव्हा बायबलमध्ये मजकुराभोवती दाट टिपा होत्या. त्यांपैकी काही टिपांत अन्यायी राजाची आज्ञा मोडणे योग्य ठरवलेले होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला त्या अर्थातच खुपल्या. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत नव्या भाषांतराचा निर्णय झाला, तेव्हा त्यात अशा टिपा नसाव्यात असे ठरले. १६११ चे ‘किंग जेम्स’ भाषांतर त्यातून आले. मूळ वचन दोन्हीकडे तेच होते. राजाचा आक्षेप होता तो समासावर.

३/२१
मराठीत ख्रिस्तकथा आली, ती मात्र भाषांतराच्या वाटेने नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. धर्मांतरितांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या कानांना ओवीची सवय होती आणि ती भूक भागवण्यासाठी हे पुराण लिहिले गेले. ते वाचण्यापेक्षा ऐकले अधिक गेले. निरक्षर स्त्रीला ग्रंथाच्या जवळ जाण्याची वाट म्हणजे तिचा कान, हे स्टीफन्सने ओळखले होते.

४/२१
भाषांतराचे काम दोन शतकांनंतर सुरू झाले. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत निघाला. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. पुढे अमेरिकन मिशनचा छापखाना उभा राहिला आणि नव्या कराराचे स्वतंत्र मराठी भाषांतर १८२६ मध्ये छापून तयार झाले. त्याच वर्षी हॉल प्रचारासाठी नाशिककडे निघाले. शहरात पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून ते परत फिरले आणि वाटेतच २० मार्च १८२६ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याच रोगाने वारले.

५/२१
या छापखान्याचा परिणाम ख्रिस्ती समाजापुरता राहिला नाही. तेथील टॉमस ग्रॅहॅम हे खिळे पाडण्यात निष्णात होते. मिशनची छापील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८४१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील ग्रंथ हाती धरत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. ग्रॅहॅम यांच्याच हाताखाली मुलगा म्हणून काम केलेले जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ सुरू केला. बायबल छापण्यासाठी आलेले कसब पोथी-पंचांगांच्या बाजारपेठेचा पाया ठरले.

६/२१
आता किंमत. १८०४ साली लंडनमध्ये ‘ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या उगमाशी जोडली गेलेली कथा एका मुलीची आहे. मेरी जोन्स या वेल्समधील गरीब विणकराच्या मुलीने कित्येक वर्षे पैसे साठवले आणि १८०० साली सुमारे २५ मैल चालत जाऊन स्वतःसाठी बायबल विकत घेतले. या कथेतली मुलगी दान मागत नाही, ती ग्राहक आहे. सोसायटीचे धोरणही असेच राहिले : ग्रंथ स्वस्त द्यावा, पण शक्यतो विकत द्यावा. किमतीतला तोटा देणग्यांतून भरून निघे.

७/२१
या सोसायटीचा दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. तिने वाटलेल्या बायबलमध्ये टीप किंवा भाष्य छापायचे नाही. कारण व्यवहारी होते. सोसायटीत निरनिराळ्या पंथांचे लोक होते. टीप घातली की भांडण ठरलेले, म्हणून समास कोराच ठेवला गेला. १८१३ पासून मुंबईत सोसायटीची शाखा काम करू लागली आणि मराठी बायबल याच नियमाखाली वाचकांपर्यंत गेले. एकच मजकूर, एकच स्वरूप. पुरुषासाठी वेगळे नाही, स्त्रीसाठी वेगळे नाही.

८/२१
परंतु वाचणारी स्त्री होती कुठे? १९०१ च्या जनगणनेतही भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी भरते. कोरा समास निरक्षर स्त्रीच्या काय उपयोगाचा? ही पोकळी ‘बायबल-बाई’ने भरली. मूळ कल्पना लंडनच्या एलन रॅन्यार्ड यांची. १८५७ पासून त्यांनी गरीब वस्तीतल्याच स्त्रियांना दारोदार बायबल विकण्यासाठी नेमले. गिऱ्हाईक पैसे हप्त्याहप्त्याने देई. भारतात ही पद्धत आली, तेव्हा विक्रीपेक्षा वाचन महत्त्वाचे ठरले. अल्प वेतनावर नेमलेली, बहुधा विधवा किंवा निराधार असलेली स्त्री माजघरात बसून दुसऱ्या स्त्रियांना वाचून दाखवी आणि समजावून सांगे.

९/२१
म्हणजे छापील टीप नव्हती, पण बोलती टीप होती. ती टीप देणारी व्यक्ती ऐकणारीच्याच भाषेतली, पुष्कळदा तिच्याच परिस्थितीतली स्त्री होती. ऐकणारीला मध्येच थांबवून प्रश्न विचारता येई. मात्र काय समजावायचे, याची चौकट मिशन ठरवी. बायबल-बाईचे नाव वार्षिक अहवालात आले तर येई, पुष्कळदा नुसता आकडाच येई : अमुक घरे, अमुक भेटी, अमुक प्रती. धार्मिक ग्रंथाच्या वितरणात स्त्रीचे श्रम प्रथमपासून होते. श्रेयाच्या पानावर मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

१०/२१
नाशिकचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम येथे १८३० च्या दशकात सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. आजचा शरणपूर रोड तिचेच नाव सांगतो. आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी सी. पी. फरार यांचा मुंबईत १८३१ साली जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे कँटरबरीचा डीन झाला. त्याने लिहिलेले ‘ख्रिस्ताचे चरित्र’ १८७४ मध्ये निघाले. त्याची कल्पना कॅसल या लंडनच्या व्यापारी प्रकाशन संस्थेची. लेखकाला गाठून तिने पुस्तक लिहवून घेतले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. (फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी हा याच फ्रेडरिक फरारचा नातू.)

११/२१
दुसरा संबंध अधिक जवळचा. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये मनू गोखले ही मुलगी जन्मली. लग्नानंतर ती लक्ष्मीबाई टिळक झाली. तिचे पती नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत भेट दिली. ती वाचून टिळक विचारात पडले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. एका प्रतीने नवऱ्याचे आयुष्य बदलले होते. बायकोसाठी ती प्रत पुरेशी नव्हती.

१२/२१
लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की त्यांचा बदल कोणाच्या उपदेशाने एका दिवसात झालेला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाला शिवायचे, शिवाशिव ईश्वराने निर्माण केली की माणसाने, अशा रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांशी झगडत त्या तेथवर पोहोचल्या. त्यांचे शालेय शिक्षण नाममात्र होते. तरीही १९१९ मध्ये टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांचे साडेदहा अध्याय, लक्ष्मीबाईंचे ६४. स्त्रीने काय वाचावे, हे ठरवणारे पुष्कळ होते. येथे स्त्रीच ग्रंथकर्ती झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

१३/२१
आता केडगाव. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना पुस्तकाच्या बाजाराची चांगली जाण होती. १८८७ मध्ये त्यांनी अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. ते उत्पन्न आणि अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे साहाय्य यांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. दुःखाची कहाणी परदेशी वाचकाला विकावी लागते, हे वास्तव त्यांनी स्वीकारले. मात्र विक्रीचा पैसा कोठे जाईल, हे त्यांनी स्वतः ठरवले.

१४/२१
पुढे दुष्काळांच्या काळात केडगावचे मुक्ती मिशन वाढले. दोन हजारांच्या आसपास स्त्रिया व मुली तेथे राहत. त्यांना बायबल वाचून दाखवताना रमाबाईंना अडचण दिसली. प्रचलित भाषांतराचे मराठी संस्कृतप्रचुर होते. खेड्यातून आलेल्या स्त्रीला ते कळत नसे. शिवाय अनेक शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा गंध होता, अशी त्यांची तक्रार होती. बायबल-बाईने समजावून सांगणे हा एक उपाय होता. टिपा घालणे हा दुसरा. रमाबाईंनी तिसरा उपाय निवडला : मूळ मजकूरच पुन्हा, सोप्या मराठीत आणायचा.

१५/२१
संस्कृतच्या या पंडितेने त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले काम अठरा वर्षांच्या आसपास चालले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच करत. ज्यांना घरांनी, गावांनी टाकून दिले होते, त्या स्त्रिया हिब्रूतून आलेल्या ग्रंथाचे फर्मे लावत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्याच्या थोडेच आधी त्यांनी शेवटची मुद्रिते तपासून संपवली होती. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१६/२१
संपूर्ण बायबलचे भाषांतर करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचे नाव कधीकधी घेतले जाते. ते बरोबर नाही. अमेरिकेतील जुलिया स्मिथ यांनी केलेले भाषांतर १८७६ मध्ये, त्यांच्याच खर्चाने, छापले गेले होते. त्याच देशात एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी १८९५ व १८९८ मध्ये दोन भागांत ‘द वूमन्स बायबल’ काढले. त्यात स्त्रियांविषयीची वचने निवडून त्यांवर कठोर भाष्य होते. ते इतके झोंबले की स्टँटन यांच्याच मताधिकार संघटनेने १८९६ मध्ये ठराव करून पुस्तकाशी संबंध नाकारला. समासात स्त्री बोलू लागली, तर तिचे स्वतःचे लोकही अस्वस्थ होतात, हे त्यातून दिसले.

१७/२१
शंभर वर्षांनी चित्र पालटले. किंग जेम्स भाषांतर अमेरिकेत कोणीही छापू शकत असे. त्यामुळे त्यात मक्तेदारीचा नफा नव्हता. नव्या भाषांतराला आणि नव्या टिपांना मात्र कॉपीराइट मिळतो. १९७८ मध्ये ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ पूर्ण झाले. ते अमेरिकेत झोंडरवन ही संस्था छापत असे. १९८८ मध्ये झोंडरवन विकत घेणारी हार्पर अँड रो ही रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनच्या मालकीची होती. १९९० मध्ये झोंडरवनचे ‘विमेन्स डिव्होशनल बायबल’ निघाले, १९९५ मध्ये थॉमस नेल्सनचे ‘द वूमन्स स्टडी बायबल’. २००३ मध्ये नेल्सनने किशोरवयीन मुलींसाठी ‘रिव्हॉल्व्ह’ काढले : फॅशन मासिकासारखे दिसणारे, सौंदर्याच्या सूचना आणि प्रश्नावल्या असलेले नवा कराराचे पुस्तक. २०१२ मध्ये थॉमस नेल्सनही हार्परकॉलिन्सकडे गेली.

१८/२१
या मालाला सरसकट हसणे सोपे आहे. पण एक गोष्ट विसरू नये. अमेरिकेतील अनेक पंथांत स्त्रीला व्यासपीठावरून उपदेश करता येत नाही. सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी २००० साली पाळकपद पुरुषांपुरतेच असल्याचे आपल्या श्रद्धानिवेदनात नोंदवले. अशा स्त्री लेखिकांना रोजच्या चिंतनाचा तो लहानसा उतारा हेच व्यासपीठ होते. घरकाम आणि नोकरी यांतून पाच मिनिटे काढणाऱ्या वाचकाला त्याचा आधारही वाटला. अडचण वेगळीच आहे. समासात स्त्रीला जागा मिळाली, पण विषय बहुतेक आधीच ठरलेले होते : संसार, मातृत्व, रूप, थकवा. न्याय, सत्ता, पैसा या विषयांवरची वचनेही त्याच ग्रंथात आहेत. ती स्त्रियांसाठी नाहीत, असे मूळ मजकूर म्हणत नाही. तसे सुचवते ती टिपांची निवड.

१९/२१
हे केवळ ख्रिस्ती प्रकाशनाचे वैशिष्ट्य नव्हे. वैभवलक्ष्मी व्रताची पुस्तिका महाराष्ट्रातील असंख्य घरांत पाहायला मिळते. उद्यापनाच्या वेळी ७, ११, २१ अशा संख्येने तीच पुस्तिका सुवासिनींना वाटावी, असे त्या पुस्तिकेतच सांगितलेले असते. वाचकच वितरक होतो आणि जाहिरातीचा खर्च उरत नाही. रॅन्यार्डबाईंच्या हप्त्यांहूनही ही युक्ती सरस म्हणावी लागेल. दुसऱ्या बाजूला गोरखपूरचा गीता प्रेस १९२३ पासून अत्यल्प किमतीत ग्रंथ देत आला. त्याने ग्राहकाकडून नफा घेतला नाही, पण स्त्रीने कसे वागावे याचे उपदेश मात्र भरपूर छापले. स्वस्त ग्रंथ म्हणजे निरपेक्ष ग्रंथ, असेही समीकरण नाही.

२०/२१
रमाबाईंचे भाषांतर या बाजारात टिकले काय? चर्चच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. मुक्तीच्या बायबलला वितरणाचे जाळे नव्हते आणि संस्थात्मक मान्यताही नव्हती. व्यापाराच्या हिशेबाने तो प्रयोग फसला, असे म्हणता येईल. परंतु रमाबाईंनी गृहीत धरलेली वाचक फार वेगळी होती. तिला वेगळा, हलका, गोड केलेला मजकूर हवा आहे, असे त्यांनी मानले नाही. तिला संपूर्ण ग्रंथ हवा आहे, फक्त तिच्या मराठीत हवा आहे, असे मानले. ‘स्त्रियांसाठी’ या एका शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. एका अर्थाने मजकूर तसाच राहतो आणि स्त्रीची कल्पना आकुंचित होते. दुसऱ्या अर्थाने स्त्रीविषयीचा विश्वास कायम राहतो आणि मजकूर तिच्यापर्यंत चालत येतो.

२१/२१
रामकुंडाजवळच्या पोथ्यांच्या दुकानात असो, चर्चच्या पुस्तकविक्री केंद्रात असो की ऑनलाइन बाजारात, ‘खास स्त्रियांसाठी’ असे लिहिलेला धर्मग्रंथ हाती आला, तर पाच गोष्टी पाहाव्यात. मूळ मजकुराचे भाषांतर कोणाचे? टिपा कोणाच्या? विषयांच्या सूचीत काय आहे आणि काय वगळले आहे? हक्क कोणाच्या नावावर आहेत? आणि छपाई, बांधणी, वाटप करणाऱ्यांपैकी कोणाचे नाव त्यात आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याला ग्रंथाचे अर्धे चरित्र या पाच उत्तरांत मिळते. केडगावच्या बायबलबाबत पाचव्या प्रश्नाचे उत्तर अजून अपुरे आहे. रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी खिळे जुळवणाऱ्या स्त्रियांची नावे शोधण्याचे काम अद्याप कोणीतरी करायचे आहे.